टिन ऑक्साइड ६०० ला भाजलं आणि वाहकता कोसळली! असं का व्हावं?

शुभ्रकळी | ८ जुलै, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सचं दुसरं वर्ष, प्रोजेक्ट गॅस सेन्सरवर. आठ दिवस डोकं खाजवतेय, म्हणून शेवटी इथे धागा काढला.

केलं ते असं. स्टॅनिक क्लोराइडच्या द्रावणात अमोनिया घालून गाळ पाडला, धुतला, ११० अंशाला वाळवला आणि अगेटच्या खलात दोन तास खलला (हात अजून दुखतोय). त्यात इथाइल सेल्युलोज आणि ब्युटिल कार्बिटॉल ॲसिटेट घालून पेस्ट केली, काचेच्या स्लाइडवर स्क्रीन प्रिंटिंगने फिल्म काढली आणि मफल फर्नेसमध्ये दोन-दोन तास भाजली. मग सिल्व्हर पेस्टचे दोन संपर्क देऊन ३०० अंशाला, हवेत, १० व्होल्ट लावून रोध मोजला.

४०० ला भाजलेली : कण ७ नॅनोमीटर (एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तनावरून), रोध १.२ मेगाओम.
५०० ची : कण १० नॅनोमीटर, रोध ०.३ मेगाओम.
६०० ची : कण १४ नॅनोमीटर, रोध ३.६ मेगाओम!!
८०० ला काच टिकणार नाही म्हणून त्याच पावडरीचं पेलेट दाबून भाजलं : ०.०९ मेगाओम.

आमचे गाइड म्हणतात, "तापमान वाढलं की ऑक्सिजन रिक्तता (स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा) वाढतात, वाहकता वाढते. ६०० चं रीडिंग चुकलंय, वगळ आणि बाकीच्यांतून रेघ ओढ." पण मी ते तीनदा मोजलंय, तिन्ही वेळा तेवढंच आलं. वगळायला मन होत नाही. ६०० वाली स्लाइड मधे जराशी खाली वाकलीय, पण फिल्म शाबूत आहे, सुटलेली नाही.

कुणी या वाटेने गेलेलं आहे का?

वायुपुत्र | ८ जुलै, रात्री ११:३०

गेलोय, पाच वर्षं. खानदेशात असताना थिक फिल्मवरच पीएचडी केली. आधी थोडी उलटतपासणी.

१. भाजून झाल्यावर फर्नेस बंद करून आतच गार होऊ दिलीस की दार उघडलंस?
२. गाळ धुतल्यावर धुवणाचं पाणी सिल्व्हर नायट्रेट घालून तपासलंस का?
३. तिन्ही फिल्म एकाच दिवशी मोजल्यास का? बाहेर पाऊस होता का?

आणि एक विनंती. पेलेट आणि फिल्म एकाच आलेखावर टाकू नकोस. पेलेट दाबलेलं, जाड, आकार निराळा. रोधाची तुलना करायची तर लांबी-रुंदी-जाडी धरून रोधकता काढावी लागते, आणि सच्छिद्र पदार्थात तीही जपूनच वापरावी. ८०० चा आकडा बाजूला ठेव, तो या भांडणातला नाहीच.

शुभ्रकळी | ८ जुलै, रात्री ११:५५

१. ४०० वाली गरम असतानाच काढली, पुढच्या मुलीचं बुकिंग होतं. बाकीच्या रात्रभर आतच होत्या.
२. पाच वेळा धुतलं. सिल्व्हर नायट्रेटने तपासलं नाही 🙈
३. ६०० वाली दोन दिवसांनी मोजली. पावसाचं म्हणाल तर जुलैत पाऊस कधी नसतो?

जुना मास्तर | ९ जुलै, सकाळी ७:१०

बाळ, आधी एक चित्र डोळ्यांसमोर आण, मग आकड्यांकडे जाऊ. राजगिऱ्याचा लाडू पाहिलायस ना? दाणा दाण्याला जेमतेम एका टिंबावर चिकटलेला, मधे सगळी हवा. तुझी फिल्म हुबेहूब तशी आहे. विजेला या टोकाकडून त्या टोकाला जायचं तर दाण्यातून दाण्यात उडी मारावी लागते. दाण्याच्या पोटात तिला फारसा त्रास नसतो. अडतं ते चिकटण्याच्या जागी.

का अडतं? हवेतला ऑक्सिजन टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि तिथले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. दीडशे अंशांच्या खाली तो मुख्यतः रेणूच्या रूपात, एक इलेक्ट्रॉन घेऊन बसतो. त्याच्या वर अणूच्या रूपात. इलेक्ट्रॉन गेले की दाण्याच्या सालीत वाहक उरत नाहीत. ही रिकामी साल सुमारे ३ नॅनोमीटर जाड असते. एलपीजी किंवा कार्बन मोनॉक्साइड आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन परत मिळतात, रोध खाली येतो. अख्खा सेन्सर इतकाच.

आता भाजण्याकडे ये. कण ६ नॅनोमीटरचा असेल तर दोन्हीकडून ३-३ ची साल धरता गाभा उरतच नाही, सगळा कण रिकामा, रोध प्रचंड. भाजून तो १०-१४ चा झाला की पोटात गाभा तयार होतो आणि अडथळा फक्त सीमेवर राहतो. शिवाय दाण्यांच्या माना, म्हणजे चिकटण्याच्या जागा, जाड होतात. म्हणजे कण वाढला की हवेतला रोध उतरायला हवा. ४०० वरून ५०० ला तो उतरला, ठीक. ६०० ला आणखी उतरायला हवा होता. तो बारा पट चढला, म्हणून तुझी शंका बरोबर आहे. रीडिंग वगळू नकोस.

किती थोड्याने किती फरक पडतो तेही पाहा. सीमेवरचा अडथळा फक्त ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने वाढला तर ३०० अंशाला वाहकता साडेसात पट उतरते. तेच खोलीच्या तापमानाला मोजलंस तर अठ्ठेचाळीस पट! घातांकी नियम आहे तो, लाडात येत नाही.

पावभाजी_प्रेमी | ९ जुलै, सकाळी ८:०२

मास्तर, राजगिऱ्याचा लाडू +१. काही कळलं नाही पण भूक लागली.

रोखठोक | ९ जुलै, दुपारी १:१५

एकदा मनातलं बोलून घेतो. "ऑक्सिजन रिक्तता वाढल्या" हे वाक्य आपल्याकडच्या प्रबंधांतून कायद्याने हद्दपार करावं. वाहकता वाढली, लिहा रिक्तता वाढल्या. घटली, लिहा रिक्तता घटल्या. मोजल्या कुणी?

शुभ्रकळी, तुझ्या गाइडच्या वाक्यात गफलत आहे. जास्त तापमानाला समतोलात रिक्तता जास्त असतात, हे खरं. पण तू भाजतेस हवेत, ५००-६०० ला, आणि रात्रभर हळूहळू गार करतेस. ओल्या रसायनातून आलेल्या पावडरीत मुळातच ढिगाने दोष असतात. हवेत भाजल्यावर त्यांतल्या बऱ्याच रिक्तता भरून निघतात. म्हणजे वाहकांची संख्या उलट कमी होते. त्याच वेळी कण वाढले, सीमा कमी झाल्या, म्हणून उरलेले वाहक जास्त सहज फिरतात. एकीकडे संख्या घटते, दुसरीकडे चाल सुधारते, आणि तू मोजतेस दोघांचा गुणाकार. तो वर जाईल की खाली हे पदार्थावर, सुरुवातीच्या दोषांवर आणि वातावरणावर ठरतं.

तोच नमुना हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये भाज, ऑक्सिजन सुटेल आणि वाहकता वाढेल. झिंक ऑक्साइडवाले हे रोज करतात. म्हणून "६०० ला भाजलं" हे वाक्य अर्धवट आहे. कशात, किती वेळ, किती वेगाने चढवून-उतरवून, हेही लिहायला हवं. हॉल इफेक्टची (चुंबकक्षेत्र लावून वाहक मोजण्याची) सोय असेल तर दोन्ही वेगळे मोजता येतात, पण मेगाओमच्या सच्छिद्र फिल्मवर ते मोजमाप सरळ येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मीठभाकर | ९ जुलै, दुपारी ३:४०

अडाणी प्रश्न विचारते, रागावू नका. आमच्या स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म आहे. नवा होता तेव्हा गप्प असायचा, आता चार वर्षांनी फोडणी घातली तरी बोंबलतो. तुम्ही बोलताय ते हेच का? तोही आतल्या आत भाजला जातोय का?

चाकणकर | ९ जुलै, सायंकाळी ६:२५

ताई, प्रश्न मुळीच अडाणी नाही, आमच्या कंपनीत याच्यावर मीटिंगा होतात. मी याच धंद्यात आहे.

घरगुती अलार्ममध्ये बहुतेक वेळा टिन ऑक्साइडच असतं. आत छोटा हीटर असतो आणि तो दिवसरात्र चालू असतो. बाजारातला एमक्यू-२ घ्या : हीटरला ५ व्होल्ट, हीटरचा रोध ३३ ओमच्या आसपास, म्हणजे पाऊण वॉटच्या आसपास खर्च. सेन्सरचा पदार्थ वर्षानुवर्षं काहीशे अंशांवर बसलेला असतो. म्हणून कारखान्यात तो कामाच्या तापमानापेक्षा बराच वर, सहसा ६०० च्या पुढे भाजून घेतात, म्हणजे जे काही बदलायचं ते आधीच बदलून जावं. कमी भाजलेला सेन्सर पहिल्या दिवशी फार तिखट असतो आणि सहा महिन्यांत भरकटतो. मी स्वतः अशी एक लॉट परत घेतलीय, आठवण नको.

तरीही चार वर्षांत बरंच होतं. सिलिकॉन असलेली पॉलिशं, केसांचे स्प्रे, ओल्या भिंतींचे सीलंट यांची वाफ पृष्ठभागावर चढून बसते. दमटपणाने टिन ऑक्साइडचा रोध उतरतो, आणि अलार्मला ते गॅस आल्यासारखंच वाटतं. फोडणीच्या धुरातही ज्वलनशील वाफा असतात, त्यामुळे तो अगदीच खोटं बोलतोय असंही नाही. पाकिटावरची मुदत बघा, संपली असेल तर बदला. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तेव्हा अलार्म जमिनीपासून थोडाच वर लावा. पुष्कळ घरांत तो छताजवळ, चिमणीशेजारी लावलेला दिसतो.

मीठभाकर | ९ जुलै, सायंकाळी ६:५०

चिमणीशेजारीच आहे 😐 धन्यवाद भाऊ.

आर्डुइनोबाळ | ९ जुलै, रात्री ९:०५

त्या एमक्यूच्या डेटाशीटमध्ये पहिल्यांदा २४ तास किंवा अधिक तापवून ठेवा असं लिहितात. ते पण ॲनिलिंगच, म्हणजे भाजणंच ना?

चाकणकर | ९ जुलै, रात्री ९:२०

नाही. डबीत पडून राहिल्यावर पृष्ठभागावर पाणी आणि काहीबाही चिकटतं ते उडवायचं, आणि ऑक्सिजनचा थर पुन्हा स्थिर होऊ द्यायचा, एवढंच. त्याने कण वाढत नाहीत. भाजणं म्हणजे घर बांधणं, हे म्हणजे सणाआधी झाडलोट.

निळी काच | १० जुलै, सकाळी ९:४८

मी गॅस सेन्सरवाली नाही, सौर घटवाली. पण सगळ्यांनी एक वाक्य वाचून सोडून दिलंय : "६०० वाली स्लाइड मधे जराशी खाली वाकलीय."

अगं, गुन्हेगार तिथेच उभा आहे! साधी प्रयोगशाळेतली स्लाइड म्हणजे सोडा-लाइम काच. ५०० च्या थोडं पुढे गेलं की तिचे ताण सैल व्हायला लागतात, ६०० ला दोन तास ठेवलीस तर स्वतःच्या वजनाने झुकते. आणि काच वाकण्याइतकी गरम झाली की तिच्यातलं सोडियम गप्प बसत नाही. ते वर फिल्ममध्ये शिरतं. चार संयुजेच्या टिनच्या जागी एक संयुजेचं सोडियम बसलं की ते वाहक गिळतं, वाहकता उतरते. पारदर्शक वाहक थरांच्या जगात ही जुनी डोकेदुखी आहे, म्हणून तर बऱ्याच व्यापारी काचांवर टिन ऑक्साइडच्या खाली सिलिकाचा अडसर-थर देतात.

तापवण्याचा आणखी एक धडा आमच्याकडचा. इंडियम-टिन ऑक्साइडची काच हवेत ४५० ला अर्धा तास ठेवली की तिचा रोध कित्येक पट वाढतो, कारण तिची बरीचशी वाहकता ऑक्सिजन रिक्ततांवर उभी असते आणि त्या भरतात. फ्लोरिन घातलेलं टिन ऑक्साइड तेवढ्याला हलत नाही, कारण तिथे इलेक्ट्रॉन फ्लोरिन देतं. म्हणून टायटॅनियाची पेस्ट भाजायची असेल तर आम्ही दुसरी काच घेतो. मी पहिल्या वर्षी पहिलीवर भाजली होती. महागडी काच, बारा तुकडे. असो.

जुना मास्तर | १० जुलै, सकाळी ११:३०

निळ्या काचेला साष्टांग. मी ते वाक्य वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. चाळीस वर्षं पोरांना "निरीक्षणं आधी, सिद्धांत नंतर" सांगत आलो, आणि स्वतः लाडू वळत बसलो.

वायुपुत्र | १० जुलै, दुपारी १२:१०

पटलं. त्यात आणखी एक भर. मापनसुद्धा काचेवर, ३०० अंशाला केलंय. त्या तापमानाला सोडा-लाइम काच स्वतः थोडी वाहक असते, सोडियमचे आयन हलतात म्हणून. रोधकता साधारण दशलक्ष ओम-सेंटिमीटरच्या आतबाहेर. तुझी फिल्म मेगाओममध्ये असेल तर काच तिला समांतर वाट देते. म्हणजे ३.६ हा आकडाही फिल्मचा एकटीचा नसणार.

करून बघ : कोऱ्या स्लाइडवर तेवढ्याच अंतरावर सिल्व्हर पेस्टचे संपर्क दे, ३०० ला १० व्होल्ट लाव आणि दहा मिनिटं वाचत राहा. आयन एका टोकाला गोळा होतील तसा प्रवाह उतरत जाईल. टिन ऑक्साइड तसं वागत नाही.

आणि ४०० वाली गरम काढल्याची फार काळजी करू नकोस. त्या तापमानाला कणाच्या आतले दोष जवळपास गोठलेलेच असतात. फार तर फिल्मला तडे जातील. ८०० वरून चिमट्याने धरून बाहेर काढलीस तर गोष्ट वेगळी, तिथले दोष तसेच अडकून खाली येतात.

शुभ्रकळी | १० जुलै, रात्री ८:१५

कोरी स्लाइड आजच मोजली!!! सुरुवातीला ६ मेगाओमच्या आसपास, मग हळूहळू वर. दहा मिनिटांत १३ वर गेलं. मला आजवर वाटायचं काच म्हणजे विसंवाहक, विषय संपला.

वायुपुत्र | १० जुलै, रात्री ८:४०

मग गणित कर. ३.६ मध्ये ६ समांतर असतील तर एकट्या फिल्मचा रोध ९ मेगाओमच्या घरात गेला. ५०० वाली ०.३ ची, तिच्यावर काचेचा परिणाम जेमतेम पाच टक्के. म्हणजे घसरण तुला दिसली त्याहून मोठी आहे. आता अल्युमिनाच्या पट्ट्या मिळव. तीच पेस्ट, तेच तापमान, तोच दिवस.

तांबट | ११ जुलै, सकाळी १०:२०

अवांतर होईल, पण मी कॉपर ऑक्साइडवर काम करतोय. माझ्याकडे एलपीजी सोडला की रोध वाढतो. उलटं का?

रोखठोक | ११ जुलै, सकाळी १०:५५

पी-टाइप आहे ते. तिथे वाहक म्हणजे होल, इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन ओढले की पृष्ठभागावर होल वाढतात, म्हणजे हवेत साल रिकामी न होता उलट जास्त वाहक होते. गॅसने इलेक्ट्रॉन परत दिले की होल मरतात, रोध चढतो. निकेल ऑक्साइड, कोबाल्ट ऑक्साइड त्याच पंगतीतले. भाजताना मात्र प्रावस्था, म्हणजे नक्की कुठलं ऑक्साइड झालंय ते, तपास : कमी भाजलं तर क्युप्रस ऑक्साइड मिसळलेलं राहतं, आणि हवेत हजाराच्या थोडं पुढे गेलास तर क्युप्रिकचं पुन्हा क्युप्रस होतं. एक्सआरडीशिवाय वाहकतेवर तोंड उघडू नकोस.

शुभ्रकळी | ११ जुलै, दुपारी २:००

एक सैद्धांतिक शंका. ६००, ७००, ८०० असं वाढवत गेलं तर कण जुळून जुळून शेवटी फिल्म घट्ट होईल ना? मग गॅस आत जाणार कसा?

वायुपुत्र | ११ जुलै, दुपारी ४:३०

छान प्रश्न, आणि टिन ऑक्साइड गॅस सेन्सरला एवढं मानवलं त्याचं एक कारण याच्या उत्तरात आहे.

घन पदार्थ भाजताना ढोबळ नियम असा : वितळणबिंदूच्या (केल्व्हिनमध्ये) निम्म्याच्या आसपास पदार्थाचे अणू आतून हलायला लागतात, आणि पृष्ठभागावरचे अणू त्याच्याही बरेच आधी, सुमारे तीन दशांशाला. टिन ऑक्साइड सुमारे १६३० अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे १९०३ केल्व्हिन. निम्मे केले की ६८० अंश सेल्सियसच्या आसपास, तीन दशांश केले की जवळपास ३०० अंश. हा दुसरा आकडा नीट पाहा. सेन्सर ज्या तापमानाला चालतो तेच ते! चाकणकर म्हणाले ना, कमी भाजलेला सेन्सर भरकटतो? पृष्ठभागावरचे अणू कामाच्या तापमानालाच हळूहळू सरकत असतात, मग छोटे कण मोठ्यांत मिसळत राहतात.

आता घट्ट होण्याचं. शुद्ध टिन ऑक्साइड फारसं आक्रसतच नाही. पृष्ठभागावरून अणू सरकतात, वरच्या तापमानाला टिन मोनॉक्साइडच्या रूपात बाष्प होऊन दुसरीकडे बसतात, पण कणांची केंद्रं एकमेकांजवळ येत नाहीत. माना जाड होतात, कण वाढतात, भोकं मात्र राहतात. मास्तरांच्या भाषेत, लाडवाचे दाणे फुगतात पण लाडवाची वडी होत नाही. चिनीमातीसारखं घट्ट करायचंच तर मँगनीज किंवा कॉपर ऑक्साइड चिमूटभर घालावं लागतं. मातीकाम करणाऱ्याला ही डोकेदुखी, आपल्याला वरदान.

थोडा इतिहासही सांगतो, कारण सध्या मी फुकुओकात आहे आणि आमच्या विद्यापीठाचा तो अभिमानाचा विषय आहे. इथल्या क्युशू विद्यापीठात सेइयामा आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मचा रोध वायूंनी बदलतो हे दाखवलं. त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९६९ मध्ये त्यांची फिगारो कंपनी निघाली. पुढे १९९१ मध्ये यामाझोए यांच्या गटाने, इथेच, वेगवेगळं भाजून कणांचा आकार बदलत नेला आणि दाखवलं की कण सुमारे ६ नॅनोमीटरच्या खाली गेले की संवेदनशीलता एकदम उसळते. मास्तरांनी सांगितलेलं "दोन्हीकडून ३-३" ते हेच. अँटिमनी घालून वाहक वाढवले की साल पातळ होते आणि संवेदनशीलता पडते, ॲल्युमिनियम घातलं की उलट, हेही त्याच कामात आलं.

आणि एक गंमत. मापन करताना नुसतं ३०० ला थांबू नकोस, खोलीच्या तापमानापासून हळूहळू चढवत ने. वाहकता आधी वाढेल, मग दोनशेच्या पुढे कुठेतरी खाली येईल आणि पुन्हा चढेल. मधली दरी म्हणजे पाणी उडून जाणं आणि ऑक्सिजनचं रूप बदलणं. पहिल्यांदा चढवताना आणि दुसऱ्यांदा चढवताना रेघ वेगळी आली तर घाबरू नकोस, पहिली फेरी पावसाळ्याची असते. आकडे दुसऱ्या फेरीचे घे.

जुना मास्तर | ११ जुलै, सायंकाळी ५:१५

यात १९५३ ची भर घालतो. ब्रॅटेन आणि बार्डीन (हो, ट्रान्झिस्टरवालेच) यांनी जर्मेनियमवर भोवतालची हवा बदलत पृष्ठभागाचे विद्युतगुण कसे पालटतात ते दाखवलं होतं. तेव्हा ते उपद्रव मानलं गेलं. एकाचा उपद्रव दुसऱ्याचा धंदा झाला.

पावभाजी_प्रेमी | ११ जुलै, सायंकाळी ५:४०

धागा वाचनखूण म्हणून साठवला. अजून काही कळलं नाही, पण कुणी भांडलं नाही हे बघून डोळे भरून आले.

रोखठोक | ११ जुलै, सायंकाळी ५:४४

अजून वेळ गेलेली नाही.

शुभ्रकळी | २ ऑगस्ट, रात्री ९:३०

मंडळी, अपडेट! अल्युमिनाच्या पट्ट्या एका सीनियरने उसन्या दिल्या (नवीन घ्यायला विभागात पैसे नाहीत, ती रड इथे नको). जुनीच पेस्ट, सगळ्या एकाच दिवशी भाजलेल्या नाहीत पण एकाच दिवशी मोजलेल्या. दुसऱ्या फेरीचे आकडे, ३०० ला, हवेत :

४०० : १.१ मेगाओम
५०० : ०.२८
६०० : ०.१७

दरी गायब! ६०० चा रोध सरळ खाली आला. गाइडना दाखवलं, ते म्हणाले, "बघ, मी म्हणालो होतो ना, वाहकता वाढते." मी काही बोलले नाही.

मग १००० पीपीएम एलपीजी सोडला. ४०० वालीचा रोध पाच पट उतरला, ५०० वालीचा नऊ पट, ६०० वालीचा सहा पट. इथे मात्र मी पुन्हा अडकले. लहान कण जास्त संवेदनशील असतात म्हणता, मग ४०० मागे का?

वायुपुत्र | २ ऑगस्ट, रात्री १०:१०

सिल्व्हर नायट्रेट 🙂

शुभ्रकळी | २ ऑगस्ट, रात्री १०:१४

🙈🙈

जुना मास्तर | ३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

क्लोरीन उरलं असणार. ऑक्सिजनच्या जागी बसलेलं क्लोरीन जास्तीचा इलेक्ट्रॉन देतं, शिवाय पृष्ठभागावर ऑक्सिजनची जागा अडवतं. भाजत नेलं की ते हळूहळू निघून जातं, म्हणजे ४०० वालीत सर्वांत जास्त उरलं. गाळ पुन्हा कर, धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरं होणं थांबेपर्यंत धू, आणि फक्त ४०० ला भाज. बाकी काहीही बदलू नकोस, एका वेळी एकच.

शुभ्रकळी | ११ ऑगस्ट, सायंकाळी ७:२०

अकरा वेळा धुतलं. नव्या पावडरीची ४०० वाली : रोध २.४ मेगाओम, एलपीजीला अकरा पट. म्हणजे वाहकता निम्म्याहून कमी झाली आणि सेन्सर दुप्पट चांगला झाला!

रोखठोक | ११ ऑगस्ट, सायंकाळी ७:४५

अभिनंदन. आता प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये "वाहकता वाढली म्हणून सेन्सर सुधारला" हे वाक्य चुकूनही येऊ देऊ नकोस, परीक्षक मीच असेन. आणि तो काचेवरचा ३.६ चा आकडा परिशिष्टात टाक, वाकलेल्या स्लाइडच्या फोटोसकट.

चाकणकर | ११ ऑगस्ट, रात्री ८:३०

त्या अकरा पटवाल्या फिल्मला महिनाभर ३०० वर चालू ठेव आणि मग पुन्हा मोज. मला विचारशील तर मी अजूनही ६०० वालीच उचलीन.

शुभ्रकळी | ११ ऑगस्ट, रात्री ८:५२

महिनाभर हीटर कोण देणार मला, सर? पण आठवडाभर बघते. नव्या पावडरीची ६०० वाली आत्ता भट्टीत आहे, अल्युमिनावर. उद्या सकाळी साडेसातला दुसऱ्या कुणाचं बुकिंग आहे, त्या मुलीला फोन करून सांगितलंय, शंभरच्या खाली आल्याशिवाय दार उघडू नकोस.